बिली कॉनोली : जहाज कारखान्यातून रंगमंचावर

स्कॉटलंडचे अभिनेते, गायक-वादक आणि विनोदवीर बिली कॉनोली यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्लासगो येथे झाला. क्लाइड नदीकाठच्या जहाज कारखान्यात त्यांनी वेल्डर म्हणून उमेदवारी केली. मात्र ओढा होता तो बँजो या तंतुवाद्याकडे.

१९६० च्या दशकात त्यांनी 'हंबलबम्स' हा लोकसंगीताचा गट स्थापन केला. पुढे जेरी रॅफर्टी त्यात सहभागी झाले. दोन गाण्यांच्या मध्ये कॉनोली सांगत असलेले किस्से उत्तरोत्तर लांबत गेले. १९७१ मध्ये गट विसर्जित झाल्यावर त्यांनी एकपात्री विनोदाची वाट धरली. १९७५ मध्ये बीबीसीवर मायकेल पार्किन्सन यांनी घेतलेल्या मुलाखतीमुळे ते ब्रिटनभर पोहोचले. त्याच वर्षी त्यांचे एक विडंबनगीत ब्रिटनच्या विक्री यादीत प्रथम क्रमांकावर गेले.

'मिसेस ब्राउन' (१९९७) या चित्रपटात जुडी डेंच यांच्या राणी व्हिक्टोरियासमोर त्यांनी सेवक जॉन ब्राउनची भूमिका साकारली. तिला बाफ्टा नामांकन लाभले.

२०१३ मध्ये त्यांना कंपवात झाल्याचे जाहीर झाले. २०१७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांनी रंगमंचीय कार्यक्रमांतून निवृत्ती घेतली. आजारामुळे बँजोही हातातून सुटला. रेखाचित्रे काढणे मात्र त्यांनी सोडले नाही. २०२२ मध्ये बाफ्टाने आपली सन्माननीय 'फेलोशिप' देऊन त्यांचा गौरव केला.