वेदनेची मुद्रा

चेहरा पाहून दुखणें ओळखतां येतें, ही समजूत फार जुनी. तिला प्रयोगाचा आधार देण्याचा मोठा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. द्यूशेन या वैद्यानें विजेच्या प्रवाहानें मुखाचे स्नायु हालवून हर्षशोकाच्या मुद्रा उत्पन्न केल्या आणि त्यांचीं छायाचित्रें १८६२ सालीं प्रसिद्ध केलीं. भुवया आकसणाऱ्या स्नायूस त्यानें 'वेदनेचा स्नायु' असेंच नांव दिलें. मात्र ज्या दंतहीन वृद्धावर त्याचे बहुतेक प्रयोग झाले, त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ नष्ट झालेली होती. अर्थात् तेथें मुद्रा होती, वेदना नव्हती! भाव आणि अनुभाव यांत भेद करणाऱ्या आपल्या नाट्यशास्त्रास याचें नवल वाटलें नसतें.

डार्विननें १८७२ च्या आपल्या ग्रंथांत हींच चित्रें उपयोगांत आणलीं. पुढें १९७८ सालीं एकमन व फ्रीझन यांनीं मुखाच्या प्रत्येक हालचालीस क्रमांक दिला. १९९२ त प्रकाचिन यांनीं वीज, थंडी, दाब आणि रक्तप्रवाहाचा अवरोध यांनीं वेदना उत्पन्न करून पाहिली. तींत भुवया खालीं येणें, डोळ्यांभोंवतालचे स्नायु आवळणें, नाक व वरचा ओठ आकसणें आणि डोळे मिटणें या खुणा समान आढळल्या.

आजच्या कृत्रिम बुद्धीची पुष्कळशी शाळा याच खुणांवर भरते. २०११ सालीं उपलब्ध झालेल्या एका प्रसिद्ध संग्रहांत खांदेदुखीच्या २५ रुग्णांचीं ४८,३९८ चित्रें आहेत. खांदा हालवितांना तीं घेतलेलीं. तरी चार-पंचमांशांहून अधिक चित्रांत मुद्रेवरून काढलेला वेदनेचा अंक शून्यच येतो. मग वर्षानुवर्षें कंबरदुखी सोसून, स्वस्थ चेहऱ्यानें घरांत वावरणाऱ्या गृहिणीविषयीं हें यंत्र काय सांगणार? कळ क्षणाची असते, तेव्हां कपाळ आकसतें. जुनें दुखणें अष्टौप्रहर कपाळ आकसून बसत नाहीं.

स्मृतिभ्रंशामुळें ज्याला बोलतां येत नाहीं, अशा वृद्धाच्या उशाशीं हें साधन उपकारक ठरेल, हें मी निःशंकपणें मान्य करितों. परंतु ज्याला बोलतां येतें त्याचा शब्द बाजूस सारून, औषध किंवा नुकसानभरपाई देणें न देणें या अंकावर ठरूं लागलें, तर तो उघड अन्याय होय. वरील संग्रहांतच प्रत्येक हालचालीनंतर रुग्णानें स्वतः सांगितलेली वेदनाही निराळी नोंदलेली आहे. यंत्र घेऊन येणाऱ्यास, या दोहोंपैकीं त्यास कशावर शिकविलें, हें प्रत्येक रुग्णालयानें आधीं विचारावें.