खावटी

आषाढात तोरण्यावर ढग उतरले की वेल्ह्याच्या खेड्यांत कणग्या तळाला लागायच्या. लावणी अंगावर आणि घरात दाणा नाही. मग सावकाराकडून खाण्यापुरतं धान्य उचलायचं आणि सुगीत दिढीनं, म्हणजे मणाला दीड मण, खळ्यावरच मोजून द्यायचं. ही खावटी. व्यवहार बहुतेक तोंडी.

ही दिढी सरकारदरबारी खटकल्याची जुनी नोंद शिवाजी महाराजांच्या पत्रात आहे. 5 सप्टेंबर 1676 रोजी त्यांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलं, की रयतेला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या. वाढीदिढी न घेता मुद्दलच घ्या, तेही कुळाला ताकद आल्यावर हळूहळू. बैल आणि पोट एकाच पत्रात आले. पुढच्या सरकारांना एवढी समज झेपली नाही.

1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि त्यावर उपाय म्हणून इंग्रजांनी 1879 चा कायदा केला. त्याची बरीच नजर या खतांवर. तोंडी खावटीला त्याचा कितीसा आधार? शिवाय वेल्ह्याचा बराच मुलूख 1948 पर्यंत भोर संस्थानात, तिथे इंग्रजी कायदा आपोआप लागू नव्हता. 1884 च्या कायद्याची तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, बी-बैलांसाठी. स्वातंत्र्यानंतर सोसायट्या गावोगाव निघाल्या, पण त्या सातबारा बघून पिकाला कर्ज देतात. डोंगरातल्या कातकरी आदिवासीकडे सातबारा कुठला? पोटासाठी घेतलेलं कर्ज 'अनुत्पादक', असं शहाणे लोक म्हणत राहिले. उपाशी माणूस लावणी कशी करतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणीबाणीत राज्यानं छोटे शेतकरी, मजूर, कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द केली. टाळ्या मिळाल्या. पण सावकारानं हात आखडला तर पुढच्या आषाढात दाणे देणार कोण? 1976 मध्ये केंद्राच्या शिवरामन समितीला याच प्रश्नासाठी बसावं लागलं. 1978 पासून महाराष्ट्रात आदिवासींना सरकारी खावटी कर्ज मिळू लागलं, आदिवासी विकास महामंडळामार्फत, काही रोख आणि काही धान्य. सावकाराचाच शब्द सरकारनं उचलला, वसुलीची त्याची चिकाटी मात्र उचलता आली नाही, आणि ते बरंच झालं. थकबाकी साचली, मग माफी आली. माफी जाहीर करणाऱ्याला मतं दिसतात. वसुली करणाऱ्याला काय दिसणार?

2020 मध्ये कर्जाऐवजी एका वर्षापुरतं अनुदान आलं. कुटुंबाला 4,000 रुपये. त्यातले 2,000 खात्यावर, उरलेल्या 2,000 चा किराणा. ही खावटी फेडायची नव्हती हे खरंच. पण काय खायचं हे मंत्रालयात ठरलं. यादीत मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, तेल, साखर, मीठ, मिरची, चहा आणि गरम मसालाही होता. तांदूळ आणि नाचणी नव्हती.