खसखस, अफू आणि बाळागोळी

गेल्या मे महिन्यात विजयदुर्गला काकी माझ्या चुलतभावासाठी मालवणी मसाला बांधत होती. भाऊ दुबईला निघाला होता. मी सहज विचारलं, "काकी, यात खसखस आहे?" संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. बॅगेत सापडली तर प्रकरण थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. काकी म्हणाली, "मेल्या, खसखशीन खंय नशा येता?" आणि घरात दुसरीच खसखस पिकली.

हसणं ओसरल्यावर काकीनेच एक गोष्ट सांगितली. अफू आपल्या घरात येऊन गेली आहे, पण मसाल्यातून नाही. माझी आजी लालबागच्या चाळीत जन्मली. तिची आई गिरणीत जायची आणि जाण्याआधी तान्ह्या आजीला बाळागोळी द्यायची. त्या गोळीत अफू असायची.

मसाल्यातली खसखस आणि आजीची गोळी एकाच रोपाची. पाकळ्या गळल्या की मागे हिरवं बोंड उरतं. संध्याकाळी त्याला बारीक चिरा पाडतात, रात्रभर पांढरा चीक पाझरतो, सकाळपर्यंत तपकिरी होतो आणि तो खरवडून घेतात. हीच अफू. तिच्यात साधारण दहा टक्के मॉर्फिन असतं, शिवाय कोडीन, थेबेन, पॅपाव्हरिन, नॉस्कापिन. बोंड वाळलं की आतले दाणे म्हणजे खसखस. दाण्याच्या आत हा चीक नसतो, बाहेरून त्याचा अंश लागलेला असू शकतो. म्हणून काकीचंही बरोबर आणि दुबईच्या कस्टमवाल्यांची शंकाही अगदीच निराधार नाही. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने दाणे वगळलेत, म्हणून वाण्याकडे खसखस उघड मिळते. पण तेच दाणे परवान्याशिवाय शेतात पेरले, तर गुन्हा.

कोकणात हे पीक होत नाही. ते व्हायचं माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळवा मात्र तिच्या हाताबाहेर. उज्जैन-इंदूरचे सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे आणि माल चीनच्या वाटेला लावायचे. 1818 नंतर विजयदुर्गासकट बहुतेक पश्चिम किनारा कंपनीकडे गेला. मग व्यापाऱ्यांनी पोर्तुगीजांचं दमण गाठलं, काहींनी राजस्थानातून कराची. हा माल अडवणं जमेना, तेव्हा 1831 च्या सुमारास कंपनीने अडवण्याचा नाद सोडला आणि पेटीमागे फी घेऊन मुंबई बंदर खुलं केलं.

1839 मध्ये चीनच्या लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली. त्यावरून युद्ध पेटलं आणि चीन हरला. मुंबईत मात्र पैसा येत राहिला. चीनच्या व्यापारात, त्यातही अफूत, मोठे झालेले सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनला होणारी ही निर्यात 1913 मध्ये थांबली.

पण सगळी अफू बोटीने बाहेर गेली नाही. मुंबईत परवान्याच्या दुकानांत ती मिळायची. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि या जिल्ह्यातली माणसं बोटीने मुंबईला जाऊन गिरण्यांत लागत होती. 1922 च्या सुमारास मुंबई सरकारसाठी स्त्री-कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना दिसलं, की गिरणीतल्या बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या बाळांना अफू दिली जाते.

मॉर्फिन मेंदूतल्या वेदनेच्या निरोपांवर बसतं, म्हणून रडणं थांबतं. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाबही थांबतात. आईला गोळी औषध वाटायची ती यामुळेच. पण तान्ह्या बाळाचं यकृत मॉर्फिनचा निचरा पुरेसा करू शकत नाही. मात्रा जरा जास्त झाली, तर श्वासच मंद होत जातो. भूकही मरते. गप्प झोपलेलं बाळ कुपोषित होत जातं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

याला आईचं अज्ञान म्हणून मोकळं होता येतं. पण घरी राहिलं तर पगार नाही, आणि बाळाला सांभाळायला चाळीत कुणी नाही. 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने बोलताना खर्चाचा भार मालकानेही उचलला पाहिजे असं मांडलं होतं. बाळागोळीवर नुसत्या उपदेशाचा उपाय नव्हता, पगारी रजाही हवी होती.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या काळातली आहे. अफूचा चीक कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत हा जवळपास एकमेव देश. तरीही 1985 च्या कायद्यानंतर दहा-बारा वर्षांत इथला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. परवान्यांच्या कटकटीमुळे रुग्णालयांनी आणि दुकानांनी ते ठेवणंच सोडलं, आणि कॅन्सरचे रुग्ण कण्हत राहिले. 2014 च्या दुरुस्तीने परवाने सोपे झाले, पण लहान गावापर्यंत मॉर्फिन पोचणं अजून अवघडच आहे.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या बाळाला नको होतं त्याला मिळालं, आणि आता ज्या रुग्णाला हवं त्याला मिळत नाही. रोप तेच. कुणाच्या हाती किती द्यायचं, हे कधी तिजोरीने ठरवलं, कधी गिरणीच्या भोंग्याने, कधी कायद्याच्या धाकाने. दुखतंय कुणाला, हे विचारायचं बहुतेक वेळा राहून गेलं.

आजी वाचली, म्हणून मी आहे. काकीने भावासाठी खसखस न घालता मसाला पुन्हा कुटून आणला. पहिली पिशवी मी पुण्याला घेऊन आलो.