तापातले चार दिवस, अण्णांची ‘जनता’ आणि कोल्हापूरची वेळ

गेले चार दिवस व्हायरल तापानं घरात पडून आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेर फिरायचं नाही, मोबाईलही कमी बघायचा. बातमीदाराला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. पहिले दोन दिवस ग्लानीतच गेले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण अंगात त्राण नाही आणि झोपही येईना. मग कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. ज्यांना माझा नाद माहीत आहे त्यांना डब्यात काय असतं हे सांगायला नको. चावीची घड्याळं. एकवीस नग.

आई दारातून म्हणाली, “काल तापानं फणफणला होतास आणि आज घड्याळं कसली घेऊन बसलायस? पड की गप.”

पडलो नाही. एकेकाला चावी देत बसलो. त्यातलं एक घड्याळ अण्णांचं आहे, एचएमटी ‘जनता’. अण्णा शाहू मिलमध्ये होते. आज ही पोस्ट त्या घड्याळावरून सुचली आहे, पण सुरुवात जरा लांबून करतो, चालवून घ्या.

माझ्या खोलीच्या खिडकीला उभे गज आहेत. दुपारी त्यांची सावली फरशीवर पडते. पडल्या पडल्या ती बघत होतो. घड्याळात बारा वाजले तरी सावली अजून आखूड होतच होती. हा काही तापातला भास नव्हता. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे अलाहाबादजवळची. कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या साधारण 33 मिनिटं मागं चालतो. महिन्यागणिक त्यात काही मिनिटं इकडं-तिकडं होतात, पण कोल्हापूरची खरी दुपार सरासरी साडेबारानंतरच होते.

आता मागं चला. आपल्याकडं वेळ मोजायची ती घटिका-पळांत. दिवसरात्र मिळून साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. लग्नाचा मुहूर्त पाण्यात तरंगणाऱ्या घटिकापात्रावर बघायचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की घटका भरली. ‘घटका भरली’ हा शब्द आपण आता भलत्याच अर्थानं वापरतो, पण तो आलाय त्या वाटीतून. प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या सूर्याची. मुंबईची वेगळी, कोल्हापूरची वेगळी, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते रेल्वेनं. मिरज-कोल्हापूर लाईनची पहिली कुदळ 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते पडली आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. त्या काळात देशभरातल्या रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर चालायचं. मद्रास आणि कोल्हापूर यांच्या रेखांशात सहा अंशांचा फरक. सहा चोक चोवीस. म्हणजे बरोबर एक घटिका! सूर्याकडं बघून निवांत स्टेशनवर आलेल्या माणसाची गाडी बरोबर एक घटिकेनं चुकायची, असा हा हिशोब. हे गणित मी तापातच पाठच्या कागदावर केलं आणि उत्तर बघून दोनदा तपासलं.

पुढं 1 जानेवारी 1906 पासून सरकारनं सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. तिला सगळ्यात मोठा विरोध झाला मुंबईत. मुंबईची स्वतःची वेळ नव्या वेळेच्या 39 मिनिटं मागं होती. त्याआधी 1880 च्या दशकातही मद्रासची वेळ मुंबईवर लादायचा प्रयत्न झाला होता आणि तोही लोकांनी हाणून पाडला होता. फिरोजशहा मेहतांसारखी माणसं या भांडणात उतरली. महापालिकेनं आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ‘बॉम्बे टाइम’ जिवंत होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

पण मला यातली जास्त महत्त्वाची वाटते ती गिरणी कामगारांची गोष्ट. जानेवारी 1906 मध्ये मुंबईतल्या एका गिरणीच्या हजारो कामगारांनी नव्या वेळेवर काम करायला नकार दिला, गोंधळ झाला. वरवर बघितलं तर वेडेपणा. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. भोंग्याची वेळ कागदावर तीच राहणार, पण सूर्याच्या हिशोबानं तो 39 मिनिटं आधी वाजणार. थंडीच्या दिवसांत अंधारात उठून चालत गिरणी गाठायची. काटा साहेबानं सरकवला आणि झोप गेली कामगाराची.

त्याच 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मिल काढली. तिच्या भोंग्यावर अर्धं कोल्हापूर चालायचं. आमच्या घरात तर भिंतीवर घड्याळच नव्हतं. पहिला भोंगा झाला की आई चुलीला जाळ घालायची, दुसऱ्याला अण्णा चपला घालायचे. तरीही अण्णांनी 1974 मध्ये लग्नाच्या आधी ‘जनता’ घेतलं. भोंगा असताना घड्याळ कशाला, असं आजीनं विचारलं होतं म्हणे. अण्णांचं उत्तर आई अजून सांगते. ते म्हणाले होते, “भोंगा मालकाचा हाय, ह्यो माझा.”

‘जनता’ हे नाव त्या घड्याळाला शोभायचं. स्वातंत्र्यानंतरही मनगटी घड्याळ म्हणजे स्विस. फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर. ती सावकार, वकील, डॉक्टरांच्या हातात. ज्यांना परवडायची नाहीत पण हवी असायची त्यांच्यासाठी किनाऱ्यावर सोन्याबरोबर घड्याळंही चोरून उतरायची. मग 1961 मध्ये सरकारी एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला कारखाना काढला. पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. आकडे काही डायलांवर देवनागरीत, नावही देवनागरीत. पुढं श्रीनगर, तुमकूर, उत्तराखंडात राणीबाग इथं कारखाने झाले. परीक्षेत पास झालं की एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीला साहेबांच्या हातून पुन्हा एचएमटीच.

डायलवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं. आमच्या गल्लीत एकजण ते सतरा हिरे समजून घड्याळ पेटीत कुलूप लावून ठेवायचा. प्रत्यक्षात ते कृत्रिम माणकाचे बारीक खडे. चाकांचे आस त्यात फिरतात, म्हणजे धातूवर धातू झिजत नाही. आत बॅलन्स व्हील सेकंदाला पाच ठोके देतं. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढं करून दिवसाला अर्धा-एक मिनिट मागंपुढं झालं तर त्याला दोष कसला द्यायचा?

शेवट मात्र वाईट झाला. जगात क्वार्ट्झ आलं, सेलवर चालणारं, चावी नको, चूक जवळपास नाही. एचएमटीनं क्वार्ट्झ बनवलं नाही असं नाही, पण तिचा जीव चावीच्या घड्याळातच अडकून राहिला. टाटांच्या टायटननं ऐंशीच्या दशकात होसूरला कारखाना टाकला तो सरळ क्वार्ट्झ धरून, आणि दुकानंही अशी काढली की माणूस आत जाताना चप्पल पुसून जाईल. 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. दिल्लीची ती चार ओळींची बातमी आतल्या पानासाठी मीच लावली होती. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

वाटलं ते नंतर. बंद झाल्याबरोबर लोकांना पुळका आला, जुन्या एचएमटीचे भाव चढले आणि मीही त्यातच या नादाला लागलो. आता एक कबुली देतो. नवा नवा नाद होता. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं ‘जनता’ मला जुनाट दिसायला लागलं. डायल पिवळी पडलेली, सहाच्या आकड्याजवळ घाम आत जाऊन तांबूस डाग. एका व्यापाऱ्याला दिलं. त्यानं आठ दिवसांत कोरं करकरीत करून दिलं, निळी झगझगीत डायल. मी खूश. फोटो टाकला, दोनशे लाईक पडले. पुढं जाणत्यांनी सांगितलं, भावा, याला आमच्यात ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं यंत्र आणि रंगवलेली डायल. ऑनलाईन असली घड्याळं पोत्यानं विकली जातात. जुनी डायल परत मागायला गेलो तर तिच्यावरच रंग मारला होता.

तो डाग अण्णांचा होता. मिलमधल्या उकाड्याचा, कापसाच्या धुळीचा. तीस वर्षांचा घाम मी दोनशे लाईकसाठी पुसून टाकला. नाद असणाऱ्यांनी एवढं ऐका, घरातल्या माणसाच्या घड्याळाची डायल बदलू नका. तेलपाणी करा, काच बदला, पट्टा बदला. डायलला हात लावू नका. आणि तेलपाण्यासाठीही घाई करा, कारण डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी आता गावात बोटावर मोजण्याइतके राहिलेत. माझे घड्याळजी सत्तरी पार केलेले आहेत, आणि त्यांच्या पोराचं मोबाईल कव्हरचं दुकान आहे. पोराचं काही चुकलं असंही म्हणवत नाही.

परवा दुपारी आई गोळी द्यायला आली. तिला आता बारीक दिसत नाही. डब्यातली घड्याळं अंथरुणावर मांडलेली, तिनं सहज एक उचललं आणि कानाला लावलं. मग ते खाली ठेवून दुसरं. तिसरं लावल्यावर थांबली. “ह्यांचं हाय न्हवं हे?”

होतं. मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, “चाळीस वर्सं उशाला वाजत हुतं की.”

मग बराच वेळ ती माझ्या पलंगाच्या कडेला ते कानाला लावून बसली होती. गोळी दोनची होती. आजूबाजूला एकवीस घड्याळं चालू असून ती घ्यायची आठवण झाली तेव्हा पावणेचार वाजले होते.