बोर्डिंगमधला विद्यार्थी आणि अप-डाऊन करणारी विद्यार्थिनी

महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. नुसती शाळा-कॉलेजे निघाली म्हणून गरिबांची, बहुजनांची, मुसलमानांची मुले शिकली नाहीत. शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली, तेव्हा ती शिकली. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण आज आमच्या दौंड-शिरूर भागातून पुण्याला शिकायला जाणारी कितीतरी मुले वसतिगृहात राहत नाहीत, ती अप-डाऊन करतात. त्यांच्यासाठी आपण काय उभे केले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्याला फक्त वर्ग पुरत नाही, ही समज दख्खनमध्ये जुनी आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये बीदरला मदरसा बांधला. त्याच्या एकाच वास्तूत शिकवण्याची दालने, ग्रंथालय, मशीद आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या होत्या. शिकणारा माणूस झोपतो, जेवतो, इबादत करतो, थकतो, हे बांधणाऱ्याने धरून ठेवले होते.

पुढे इंग्रजी शिक्षण आले आणि पुण्यासारख्या शहरात गरीब मुलगा वार लावून जेवू लागला. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या पद्धतीने अनेकांना शिकवले हे खरे. पण वार लावून जेवायला आधी त्या घराच्या ओट्यावर चढता आले पाहिजे. जातीबाहेरच्या मुलाला, मुसलमान मुलाला तो ओटा नव्हता. कॉलेजचे दार कायद्याने सर्वांना उघडे होते, जेवणाचे दार मात्र जात पाहून उघडत होते.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आधी सर्वांचे म्हणून वसतिगृह काढण्यात आले. त्याचा लाभ प्रामुख्याने वरच्या जातीच्या मुलांनीच घेतला. मग 1901 मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. 1906 मध्ये त्यांनी मुस्लिम समाजातल्या मंडळींना बोलावून शिक्षणसंस्था काढायला लावली आणि स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ही त्याचीच खूण. सर्वांसाठी म्हणून काढलेली जागा आपोआप सर्वांची होत नाही, हा कोल्हापूरचा धडा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकले. 1919 मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. तिथे सगळ्या जाती-धर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वतः काम करून आपला खर्च भागवत. मुले अडचणीत आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पुण्यात 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, तीही खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या निवाऱ्यासाठी.

आमच्या दौंडच्या रेल्वेमार्गावरचे केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुली-बायकांना तिथे आणले. मुक्ती सदनात निवारा, अक्षरओळख आणि हाताला काम एकाच कुंपणात होते.

या सगळ्या ठिकाणी चार गोष्टी सारख्या दिसतात: हक्काची जागा, अन्न, काम, आणि आपले नाव माहीत असलेला एखादा वडीलधारा माणूस. मात्र त्या मिळत मुक्कामी राहणाऱ्याला. संध्याकाळी घरी परत जाणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार या इतिहासात फारसा नाही, कारण तेव्हा रोज पुण्याला जाऊन परत येणे खेड्यातल्या मुलाला सहज शक्यच नव्हते.

आता ते शक्य झाले आहे. कासुर्डी हे सोलापूर महामार्गावरचे गाव. पूर्वीच्या टोलनाक्यामुळे बऱ्याच जणांना नाव माहीत असते. इथली मुलगी सकाळी यवत किंवा उरुळी कांचनला येऊन गाडी धरते. या मार्गावर 1858 पासून रेल्वे आहे. 2017 मध्ये डेमू आली, पण पोरांच्या तोंडी अजून शटलच. पुणे स्टेशनला उतरून कॅम्पातले कॉलेज गाठायचे तर थोडक्यात भागते. गणेशखिंडीत विद्यापीठात जायचे तर पुन्हा पीएमपी धरावी लागते.

तिचा दिवस गाडीच्या वेळेवर बांधलेला असतो. पहिला तास सुरू व्हायच्या बराच आधी ती पोहोचते, कारण नंतरच्या गाडीने उशीर होतो. अकरा ते एक तास नाही. दीडला प्रॅक्टिकल. मधले दोन तास ती कुठे बसते? कँटीनमध्ये काही न घेता बसले की पोऱ्या दोनदा येऊन विचारतो. अभ्यासिकेत डबा उघडता येत नाही. जिन्यात बसले की शिपाई उठवतो. अनेक ठिकाणी मुलींची कॉमन रूम कागदावर असते, पण कुलूप लावलेली किंवा मोडक्या बाकांनी भरलेली. म्हणून ती पाणी कमी पिते, स्वच्छतागृह टाळते, आणि शेवटचा तास सोडून लवकरची गाडी पकडते. वर्षाच्या शेवटी हजेरी कमी पडते तेव्हा प्राध्यापक म्हणतात, मुलीला शिक्षणात रस नाही.

आपल्या समाजात याला आणखी एक बाजू आहे. अनेक घरांत अब्बा शिकवायला तयार असतात, पण मुलीने बाहेर राहायला तयार नसतात. अम्मी सांगते, "शीक बेटा, पण मगरिबच्या आत घरी ये." हे बरोबर की चूक, यावर वेगळा लेख होईल. आज तरी अशा मुलीसमोर वसतिगृह की अप-डाऊन असा पर्याय नसतो. अप-डाऊन की लग्न, असा असतो. म्हणून मधले दोन तास ही किरकोळ बाब नाही. त्या दोन तासांत काहींची पदवी सुटते.

पुणे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले आणि त्याला गणेशखिंडीतले गव्हर्नरचे जुने निवासस्थान मिळाले. सुंदर इमारत, मोठी झाडे, भरपूर आवार. पण ते आवार पाहुण्यांसाठी आखलेले होते, दिवसभर पाठीवर दप्तर वागवणाऱ्यांसाठी नाही. आपली बरीच महाविद्यालयेही वर्गखोल्या आणि कार्यालय एवढेच धरून बांधली गेली. बी.एड.ला आम्हाला विद्यार्थिकेंद्री अध्यापन शिकवले. पण ती संकल्पना वर्गाच्या उंबऱ्यापाशी थांबते. तास संपला की विद्यार्थी केंद्रात राहत नाही.

ऑक्सफर्डसारख्या निवासी विद्यापीठातही हा प्रश्न आला होता. 1868 पासून तिथे कोणत्याही कॉलेजात न राहता शिकायची मुभा मिळाली, कारण कॉलेजचा खर्च गरिबांना झेपत नव्हता. पण या मुलांना बसायला-भेटायला जागा नव्हती. 1874 मध्ये त्यांचा एक क्लब सुरू झाला. त्याची पुढे सोसायटी झाली आणि 1962 मध्ये सेंट कॅथरिन्स नावाचे कॉलेज. सुरुवात झाली ती एकत्र बसायच्या जागेपासून.

आपल्याकडे काय करता येईल? फार पैसा लागणार नाही. एक खोली, जी पहिल्या गाडीच्या मुलांसाठी लवकर उघडेल आणि शेवटच्या गाडीपर्यंत उघडी राहील. तिथे डबा खाता यावा. पिण्याचे पाणी, हात-पाय धुवायला नळ, शेजारी स्वच्छ स्वच्छतागृह. पुस्तके ठेवायला कुलपाचे कप्पे, म्हणजे रोज सगळे ओझे वाहावे लागणार नाही. मोबाइल चार्ज करायला प्लग. एक शांत कोपरा, जिथे कोणी नमाज पढेल, कोणी जप करेल, कोणी नुसते डोळे मिटून बसेल. आणि तिथे एक बाई किंवा सर, ज्यांना कोण कुठल्या गावाहून येते हे माहीत असेल. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहिला तर तेच विचारतील.

त्यासोबत वेळापत्रक करताना एकदा रेल्वे आणि एसटीचे वेळापत्रक शेजारी ठेवावे. जागा कशी असावी हे आधी अप-डाऊन करणाऱ्यांनाच विचारावे, मुलींना वेगळे विचारावे, आणि खोली चालवण्याचे काम कमवा-शिका योजनेतून त्यांच्याकडेच द्यावे. शाहू बोर्डिंग मुलांच्या हातांनी चालले, ही खोलीही चालेल. खोली सर्वांची असावी, पण कोण येत नाही यावर लक्ष ठेवावे. नाहीतर राजाराम कॉलेजच्या पहिल्या वसतिगृहासारखे होईल.

आपल्या जुन्या शहरांत मुसाफिरखाने असत. मुसाफिराला तू कोण, किती दिवस राहणार, असे न विचारता सावली आणि पाणी मिळे. रोज पहाटे कासुर्डीहून निघणारी मुलगी ही इल्मच्या वाटेवरची मुसाफिरच आहे. आपल्यातले अनेक जण आज संस्थांचे विश्वस्त आहेत, प्राध्यापक आहेत, माजी विद्यार्थी आहेत. नवीन इमारतीसाठी चंदा मागायला येतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: अकरा ते एक या वेळात गावाहून आलेली मुलगी या इमारतीत कुठे बसेल?