वर्गणी मजुरीवर, हप्ता वयावर

आरोग्य विमा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर कंपनी, एजंट आणि दरवर्षी फुगून येणारा हप्ता उभा राहतो. म्हातारा माणूस अधिक आजारी पडतो, म्हणून त्याने अधिक पैसे भरावेत, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गनियमच वाटावा. पण तो निसर्गनियम नाही. या देशात कामगारांच्या आरोग्य विम्याचा पहिला मोठा कायदा झाला तेव्हा वर्गणी माणसाच्या वयावर बसवलेली नव्हती. ती त्याच्या मजुरीवर बसवलेली होती. मजुरीवरून वयावर हे स्थलांतर कसे झाले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तपासणे मला अगत्याचे वाटते. राखीव जागांमधून नोकरीत शिरलेली आमची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे आणि हा प्रश्न तिच्या दारात येऊन बसला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना वंदन करणारा आपला समाज हा चार वर्षांचा काळ मात्र फारसा वाचत नाही. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर झाला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरती ती योजना होती. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तिच्यात बाळंतपण आणि कामावरील अपघात यांची भर सुचवली. विधेयक १९४६ च्या नोव्हेंबरात मांडले गेले तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईच्या कामगारापर्यंत ती १९५४ मध्ये पोचली.

ही योजना एकट्या बाबासाहेबांनी निर्माण केली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आजारपणाच्या विम्याचा विचार १९३१ च्या रॉयल कमिशननेही मांडला होता. परंतु अस्पृश्य समाजातून आलेल्या दोन माणसांच्या हाताखाली, एकापाठोपाठ एक, ही योजना कागदावरून कायद्याकडे सरकली, ही गोष्ट विसरता कामा नये.

या कायद्याचे तत्त्व साधे होते. कामगाराने मजुरीच्या प्रमाणात द्यावे, मालकाने त्याहून अधिक द्यावे. अगदी तुटपुंजा रोज मिळवणाऱ्याला स्वतःची वर्गणी माफ. मालकाला मात्र त्याच्याबद्दल भरावेच लागे. वीस वर्षांचा तगडा पोरगा आणि पंचावन्न वर्षांचा खोकणारा गिरणी कामगार एकाच मजुरीवर असतील तर वर्गणी एकच. बदल्यात मिळत होता दवाखाना, डॉक्टर, औषध आणि आजारपणातली रोख रक्कम. तरुणाचे पैसे म्हाताऱ्याच्या औषधाला लागत, आणि तो तरुण म्हातारा झाला की त्याच्यामागून आलेले त्याचा भार उचलत. मदतीचा हात वयाच्या उताराकडे वळवणारी अशी ही रचना होती.

तरीही या कायद्याला कुंपण होते, आणि कुंपणाबाहेर कोण राहिले हे पाहिल्याशिवाय आपले विवेचन पुरे होणार नाही. कायदा विजेवर चालणाऱ्या, वीस वा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांना लागू झाला. हंगामी कारखाने वगळले गेले. हंगामी म्हणजे कोणते? कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, साखर आणि गूळ, भुईमूग फोडणे. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला जिथे काम मिळत होते, नेमकी तीच ठिकाणे. शेतमजूर तर या हिशेबात नव्हताच.

कुंपणाच्या आत असलेल्यांचेही म्हातारपण सुरक्षित झाले नाही. कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला, त्याच्या जोडीदारासह, वर्षाला अवघ्या १२० रुपयांत उपचार मिळू लागले. ही फार मोठी सवलत आहे. परंतु पगाराची मर्यादा ओलांडली की माणूस योजनेबाहेर. ही मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर आली. आयुष्यभर वर्गणी भरलेला कामगार निवृत्तीआधी दोन-तीन वर्षे थोडा पगार वाढला म्हणून बाहेर पडे आणि म्हातारपणीचा हक्क गमावून बसे. २०२४ मध्ये महामंडळाने काही अटींवर ही त्रुटी दूर करण्याचा निर्णय घेतला. तोवर किती पगारवाढी शिक्षा ठरल्या असतील! आणि १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्याच पुन्हा उघडल्या नाहीत, त्यांना निवृत्तीचा दिवसही लाभला नाही.

आता दुसरा प्रवाह. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणली. तिचे तत्त्व वेगळे होते. तिने माणसाची मजुरी विचारली नाही; वय विचारले, रोग विचारला. दवाखाना दिला नाही. रुग्णालयात भरती झाल्यावरचे बिल दिले. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि हेच तत्त्व सार्वत्रिक झाले.

या तत्त्वाचा हिशेब असा चालतो. वयाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याचा हप्ता वेगळा ठेवायचा. म्हाताऱ्यांचा गट वेगळा पडला की त्यांचा खर्च त्यांनाच वाटून घ्यावा लागतो. हप्ता वाढतो. ज्यांची प्रकृती बरी ते बाहेर पडतात. उरतात ते आजारी. पुढच्या वर्षी हप्ता आणखी वाढतो. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. गट वेगळा पाडला, तिथेच निकाल लागला. वेगळ्या गटाचे, वेगळ्या वस्तीचे गणित आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

मी स्वतः बँकेतला निवृत्त नोकर आहे. २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर बँकांमध्ये सामूहिक आरोग्य विमा आला. कामावरच्यांचा हप्ता बँक भरू लागली. निवृत्तांनी आपला आपण भरायचा. दोघांची पॉलिसीही वेगळी. पहिल्या वर्षी हप्ता परवडला. नंतर तो असा चढत गेला की माझ्याबरोबरच्या कित्येकांनी आधी विम्याची रक्कम कमी केली आणि मग विमाच सोडला. महागाई भत्ता हलतो, पण मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी गोठते. हप्त्याला असे कोणी गोठवत नाही.

लोक म्हणतात, निवृत्तीपूर्वीच स्वतंत्र पॉलिसी घ्यायची होती. सल्ला बरोबर आहे. पण पंचेचाळिशीत आमच्या पगारातून भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, गावाकडच्या घराचे पत्रे आणि आईबापांचे औषध निघत होते. वडिलोपार्जित जमीन असलेल्या सहकाऱ्याचा पगार आणि आमचा पगार कागदावर सारखा होता. खिशात सारखा नव्हता.

अलीकडे सरकारने काही पावले टाकली आहेत, ती नाकारण्याचे कारण नाही. एप्रिल २०२४ पासून वयाच्या कारणावरून विम्याचे दार बंद करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतखाली पाच लाखांचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनाही सर्वांसाठी खुली झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर उठला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर नियामकाशी आधी सल्लामसलत करावी, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. पण दरवर्षी दहा टक्के म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट! आणि सरकारी योजना ठरावीक उपचार करतात, ठरावीक रुग्णालयांत. साखरेची, रक्तदाबाची रोजची गोळी त्यांत बसत नाही. १९४८ च्या कायद्याने जे आधी दिले होते, तो वस्तीजवळचा दवाखाना आणि औषधाची पुडी, तेच आज हरवले आहे.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, असे सुचवले होते. तो आयुर्विम्याचा विचार होता, आरोग्य विम्याचा नव्हे. पण ‘वेतनाच्या प्रमाणात’ हे तत्त्व तिथेही आहे. म्हणून आपण केवळ हप्ता कमी करा अशी याचना करून थांबू नये. कामावरचे आणि निवृत्त एका गटात घ्या, वर्गणी उत्पन्नावर बसवा, आणि दवाखाना वस्तीत आणा, अशी मागणी आपण केली पाहिजे. ही मागणी नवी नाही. ती आपल्याच इतिहासाची थकबाकी आहे.