नागनदीचा पूर आणि आपली जाम

पूर म्हटला की आपला पहिला प्रश्न असतो, 'कोणत्या नदीला?' आपल्या भागात तो स्वाभाविकच आहे. मुलताईकडे उगम पावणाऱ्या वर्धेने 30 जुलै 1991 रोजी शेजारच्या नरखेड तालुक्यातले मोवाड धुऊन नेले. 204 माणसे गेली आणि गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. पण 2023 साली नागपुरात जे घडले, ते या एका प्रश्नात मावत नाही.

नागपूर हे तलावांचे शहर. बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास ते वसवले, पुढे चांद सुलतानाने जुम्मा तलाव बांधला. पश्चिमेकडचा अंबाझरी भोसल्यांच्या काळचा. 1870 च्या सुमारास इंग्रजांनी त्याचा बांध वाढवून शहराला पाणी देण्याची सोय केली. तेव्हा भीती होती ती टंचाईची, म्हणून तलावात पाणी किती चढले यावर रोज कोणाची तरी नजर असे. नंतर कन्हान आली, पेंच आली, अंबाझरीचे पाणी पिण्यातून गेले आणि तलाव फिरायला जाण्याची जागा झाला. माझ्या मते खरा धोका तिथून सुरू झाला. पिण्याच्या पाण्याची पातळी माणूस मोजतो, शोभेच्या पाण्याची मोजत नाही.

22 सप्टेंबरच्या रात्री उशिरा पाऊस कोसळू लागला. थोड्या तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पडला. पावसाळा संपत आला होता आणि तलाव काठोकाठ होता. सांडव्यावरून पाणी सुटले ते नागनदीत. त्या नदीला आपण कधीचेच नाला म्हणू लागलो होतो, आणि तिचे पात्र बांधकामांनी आवळलेले. सांडव्याजवळच्या स्मारकाचा वाद पुढे उच्च न्यायालयात गेला. त्याच वेळी रस्त्यांवरचे पाणी गटारांतून नदीकडे निघाले होते, पण भरलेली नदी ते घेईना. ते परत फिरले. अंबाझरी लेआउट, सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक, सारे पाण्याखाली गेले. वेळ पहाटेची, लोक झोपेत. ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही, अशांवर घरातच मृत्यू ओढवला.

आता सांगा, हा पूर कोणाचा? पावसाचा, तलावाचा, नदीचा की गटाराचा? होमिओपॅथीत आम्ही एका लक्षणावर औषध देत नाही, सगळी लक्षणे एकत्र मांडतो. इथेही तसेच करावे लागते. चारही वाटा वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येक सोसण्याजोगी वाटते. त्या एका रात्री एकत्र आल्या तर काय होईल, हे आधी मांडून पाहणे म्हणजे धोक्याचा अंदाज. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यात समुद्राची भरती आणि बुजलेली मिठी नदी यांची भर पडली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 साली शहरी पुरासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले आहे की जमीन सिमेंटने झाकली की पुराचा लोंढा 1.8 पासून 8 पटींपर्यंत वाढू शकतो.

हे नागपूर-मुंबईचे, आपल्याला काय, असे म्हणू नका. नागनदीचे पाणी शेवटी कन्हानला जाते, आणि आपल्या जामचेही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला आपण जिच्या पात्रात उतरतो, ती हीच. त्याच 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. 2005 च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला स्वतःची आपत्ती योजना हवी. ती छिंदवाड्याच्या जुन्या कागदावरून उतरवून काढली तर लोधीखेड्याच्या गल्ल्या तिच्यात दिसणार नाहीत.

म्हणून जुन्या घरांना एक विनंती. जामचे पाणी कोणत्या साली कुठल्या पायरीला लागले, कोणता ओढा बुजवून त्यावर घरे झाली, वरच्या अंगाच्या कोणत्या बंधाऱ्याला भेग आहे, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून वर्षासह लिहून घ्या आणि नगरपरिषदेच्या नकाशावर मांडायला लावा. शेजारीच दुसरी यादी हवी: कोणत्या गल्लीत कोण अंथरुणावर आहे आणि रात्री दोन वाजता त्याला उचलायला कोण जाणार.